‘हो’ म्हटल्यानंतरचे सहा महिने



आज या सभागृहात वकील बसले आहेत, समुपदेशक आहेत, आणि ज्यांनी कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही असेही बरेच जण आहेत. माझं बोलणं मुख्यतः या तिसऱ्या गटासाठी आहे. कारण नवरा-बायकोचा तंटा कोर्टात पोहोचण्याच्या कितीतरी आधी तो तुमच्या दिवाणखान्यात आलेला असतो. मामा, थोरला भाऊ, शेजारचे निवृत्त गुरुजी, हे आपल्याकडचे पहिले मध्यस्थ असतात.

प्रश्न असा आहे. एक जोडपं मध्यस्थी केंद्रात बसतं. चार-सहा बैठका होतात. संमतीने वेगळं व्हायचं ठरतं. एकरकमी पोटगी किती, दागिने कोणाचे, मूल कोणाकडे, पोलिसात दिलेल्या तक्रारीचं काय, सगळं कागदावर उतरतं. सह्या होतात. फॅमिली कोर्टात दोघांचा एकत्र अर्ज दाखल होतो. पैशाचा पहिला हप्ता दिला जातो. आणि चार-पाच महिन्यांनी दोघांपैकी एक जण कोर्टात येऊन सांगतं, माझी संमती मी मागे घेते. किंवा, मागे घेतो. असं करता येतं का? करता येत असेल तर ते न्यायाचं आहे का? आणि ज्याने त्या कागदावर विश्वास ठेवून पैसे दिले, केस मागे घेतली, त्याने कोणाकडे पाहायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्याने दिलं आहे. करता येतं. घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत केव्हाही करता येतं. दुसऱ्या प्रश्नावर लोकांचं मत बहुतेक वेळा ‘नाही’ असं असतं. ‘शब्द दिला, सही केली, पैसे घेतले आणि आता फिरली!’ हे वाक्य मी कोर्टाच्या व्हरांड्यात फार ऐकलं आहे. माझं म्हणणं याच्या उलट आहे. घटस्फोटाची संमती शेवटच्या क्षणापर्यंत मोकळी राहिली पाहिजे. पण संमती मागे घेण्याच्या हक्काबरोबर, तिच्या बदल्यात मिळालेलं ठेवून घेण्याचा हक्क येत नाही. या दोन गोष्टी आपण एकाच गाठीत बांधतो आणि मग गाठ सुटत नाही म्हणून माणसांना दोष देतो. आजचं व्याख्यान ही गाठ सोडवण्यासाठी आहे.

आधी थोडं मागे जाऊ. विवाह मोडण्याचा मार्ग आपल्या भागाला अनोळखी नव्हता. अनेक जातींत काडीमोडाची रूढी होती, आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही ती राखून ठेवली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात, बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली, आणि मग मुंबई प्रांतात १९४७ साली घटस्फोटाचे कायदे झाले. गोव्यात तर १९१०च्या पोर्तुगीज कायद्यात परस्पर संमतीचा घटस्फोटसुद्धा होता. पण १९५५च्या कायद्यात संमतीला जागा नव्हती. दोष सिद्ध करा, तरच सुटका. व्यभिचार म्हणा, नाहीतर छळ झाला, टाकून दिलं म्हणत आधी न्यायिक विभक्तता घ्या. त्यामुळे ज्यांना शांतपणे वेगळं व्हायचं होतं त्यांनाही एकमेकांवर चिखल उडवावा लागे. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात संमतीचा मार्ग होता; हिंदू विवाह कायद्यात तो १९७६च्या दुरुस्तीने आला. तेच कलम १३-ब.

हे कलम काय मागतं? दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असावेत. एकत्र राहणं त्यांना जमलेलं नसावं. आणि विवाह संपवावा यावर दोघांचं एकमत झालेलं असावं. असा अर्ज दोघांनी मिळून करायचा. मग सहा महिने थांबायचं. सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन मागणी करायची. मधल्या काळात अर्ज मागे घेतलेला नसेल, आणि चौकशी करून कोर्टाची खात्री पटली, तर हुकूमनामा.

दोघांनी दोनदा यायचं. का? एकदा सही झाल्यावर पुन्हा कशाला बोलावता? विवाह मोडण्याचा निर्णय रागात, थकव्यात, कोणाच्या तरी धाकात होऊ शकतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मध्ये वेळ ठेवला. पण त्या वेळात एखाद्याचं मन बदललं तर काय, यावर न्यायालयांत जोराचा वाद झाला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ साली सांगितलं की संमती पाहायची ती अर्ज दाखल करतानाची. ती तेव्हा मोकळेपणाने दिलेली असेल, तर एकट्याला ती नंतर मागे घेता येणार नाही. दिल्ली आणि मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयांचा सूरही असाच होता. केरळ, राजस्थान, पंजाब-हरियाणा यांचं मत उलट होतं. म्हणजे तुम्ही देशाच्या कोणत्या भागात राहता यावर तुमचा ‘नाही’ चालेल की नाही ते ठरत होतं.

हा वाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९१मध्ये मिटवला. त्या निकालातल्या बाईंची हकिगत तुम्हाला सांगायलाच हवी. (पक्षकारांची नावं मी आज घेणार नाही. निकालपत्रांत ती कायमची छापली गेली आहेत, तेवढं पुरे.) हिमाचल प्रदेशातल्या हमीरपूरचं हे जोडपं. लग्न १९६८चं. ८ जानेवारी १९८५ला दोघांचा संमतीचा अर्ज कोर्टात दाखल झाला. आणि १५ जानेवारीला, म्हणजे अवघ्या सात दिवसांत, बायको कोर्टात परत आली. तिचं म्हणणं काय होतं? माझा जबाब दबावाखाली, धमकावून घेतला. अर्ज करण्याआधी मला माझ्या नातेवाइकांना भेटू दिलं नाही, त्यांचा सल्ला घेऊ दिला नाही. कोर्टात येतानाही त्यांना माझ्याबरोबर येऊ दिलं नाही. जिल्हा न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून घटस्फोट दिला. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा हुकूम रद्द केला.

न्यायमूर्ती के. जगन्नाथ शेट्टी यांनी त्या निकालात जे मांडलं त्याचा सारांश असा. सहा ते अठरा महिन्यांचा काळ पक्षकारांना विचार करायला, आप्तेष्टांचा सल्ला घ्यायला दिलेला आहे. त्यात मन बदलू शकतं. दुसऱ्या वेळची मागणी दोघांची हवी. एकट्याच्या मागणीवर कोर्टाला हुकूमनामा देता येत नाही, कारण तसं केलं तर ती परस्पर संमती राहत नाही.

कल्पना करा, मुंबईचा १९८४चा नियम देशभर कायम झाला असता तर त्या बाईंचं काय झालं असतं? ज्या दबावाने सही मिळवली, त्याच दबावाचं फळ कोर्टाने हुकूमनाम्याच्या रूपाने हातात दिलं असतं. दबाव सिद्ध करा, असं तुम्ही म्हणाल. बंद खोलीतला दबाव कोणत्या साक्षीदाराने सिद्ध करायचा? म्हणून कायद्याने त्यांच्याकडे पुरावा मागितला नाही. ‘नाही’ एवढंच पुरेसं मानलं. मला हा आपल्या कुटुंब कायद्यातला अत्यंत शहाणा निर्णय वाटतो.

पण त्याची दुसरी बाजू अहमदाबादच्या एका खटल्याने दाखवली. तिथे संमतीचा अर्ज ऑगस्ट १९८४चा. पत्नीने संमती मागे घेतली मार्च १९८६मध्ये. दरम्यान पतीने दुसरं लग्न केलं होतं, मूलही झालं होतं. प्रकरण खालून वर गेलं. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला खास अधिकार, घटनेचं कलम १४२, वापरून विवाह संपवला आणि पतीने पत्नीला दहा लाख रुपये व खर्च द्यावा असं सांगितलं. तरीही वाद थांबला नाही. पत्नी पुन्हा न्यायालयात गेली, आणि २००२मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ‘क्युरेटिव्ह पिटिशन’, म्हणजे अंतिम निकालानंतरही दुरुस्ती मागण्याचा अर्ज, हा मार्ग आखून दिला. फाशीच्या प्रकरणांत शेवटच्या रात्री टीव्हीवर जो शब्द आपण ऐकतो, तो जन्मला एका बाईने घटस्फोटाची संमती मागे घेतल्याच्या खटल्यात! १९८४ ते २००२. दोन माणसांच्या आयुष्याची अठरा वर्षं.

पुढे २००९ साली मुंबईच्या फॅमिली कोर्टातून एक प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. तिथे पती दुसऱ्या वेळी आलाच नाही, आणि कोर्टाने त्याच्या गैरहजेरीतच घटस्फोट दिला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की गप्प राहणं, न येणं, याचा अर्थ संमती आहे असा काढता येत नाही. संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकलेली दिसली पाहिजे. माघार फक्त बायका घेतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हा खटला लक्षात ठेवावा. इथे मागे हटलेला नवरा होता.

हे सगळं झालं संमतीबद्दल. आता मध्यस्थीकडे वळते, कारण खरा गुंता तिथे आहे.

१९९१चा निकाल आला तेव्हा आजच्यासारखी मध्यस्थी केंद्रं नव्हती. १९८४च्या फॅमिली कोर्ट कायद्याने न्यायाधीशावर तडजोडीचा प्रयत्न करण्याचं बंधन घातलं होतं, समुपदेशक नेमले गेले होते. पण मध्यस्थीची घडी बसली ती दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ २००२मध्ये नव्याने लागू झाल्यावर. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक दावे मध्यस्थीकडे पाठवायला सांगितलं, अगदी ४९८-अच्या, म्हणजे विवाहितेच्या छळाच्या, फौजदारी प्रकरणांतही समेटाची शक्यता दिसत असेल तर. २०२३मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही आला.

मध्यस्थी मला प्रिय आहे. तिने हजारो घरांची धुणी चव्हाट्यावर येण्यापासून वाचवली. पण मध्यस्थीत एक घडतं. एकत्र आयुष्याचे सगळे धागे एकाच करारात येतात. घटस्फोट, पोटगी, फ्लॅटचं कर्ज, स्त्रीधन, मुलाचा ताबा, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज, ४९८-अ (जे आता न्याय संहितेत कलम ८५ आहे), एकमेकांच्या ऑफिसात केलेल्या तक्रारी. आणि प्रत्येक धागा दुसऱ्याला बांधलेला. पहिल्या तारखेला तीन लाख, हायकोर्टात गुन्हा रद्द होताना दोन लाख, शेवटच्या तारखेला उरलेले. यातला एक धागा ओढला की सगळं विणकाम उसवतं. आणि कायद्याने नेमका एक धागा, घटस्फोटाच्या संमतीचा, ओढायची मुभा ठेवली आहे.

मग काय होतं? कधी पत्नी पहिला हप्ता घेऊन थांबते. कधी पत्नी तिची तक्रार रद्द व्हायला हायकोर्टात होकाराचं प्रतिज्ञापत्र देते, गुन्हा रद्द होतो, आणि मग नवरा शेवटच्या तारखेला उगवत नाही. तिच्या हातातली केस गेलेली, पैसे न आलेले, आणि कपाळावरचं लग्न तसंच. दुसऱ्या प्रकारच्या बायका वर्तमानपत्रात येत नाहीत. आपल्या चर्चेतही येत नाहीत.

आता एक प्रकरण जवळून दाखवते. ओळख पटू नये म्हणून गाव, नोकरी, आकडे बदलले आहेत. मुलगी कराडकडची. नवरा चाकणला कंपनीत. सहा वर्षांचा मुलगा तिच्याजवळ, माहेरी. मध्यस्थीत नऊ लाखांवर मिटलं. तीन अर्जाबरोबर, सहा शेवटच्या तारखेला. ती माझ्याकडे आली तेव्हा कॅरीबॅगेत घडी घातलेले कागद होते. कन्सेंट टर्म्स, म्हणजे तडजोडीच्या अटी, इंग्रजीत. शेवटच्या पानावर तिची मराठीत सही, आणि तिच्यावर छापील वाक्य की हा मजकूर मला वाचून व समजावून सांगण्यात आला असून तो मला मान्य आहे. मी विचारलं, समजावून कोणी सांगितला? ती म्हणाली, ‘दादा म्हणाला, नऊ म्हणजे चांगले आहेत.’ सहीच्या दिवशी तिने एकच प्रश्न विचारला होता. मुलाच्या शाळेची फी यात धरली आहे का? खोलीतल्या तीन पुरुषांनी एकाच वेळी तीन वेगळी उत्तरं दिली होती. साडेचार वाजले होते. बाहेर पुढची जोडी थांबली होती. सही झाली.

मग सहा महिने सुरू झाले. माहेरी भावजयीबरोबर राहणं अवघड होत गेलं. कराडातच खोली बघायला गेली तेव्हा भाडं कळलं. बँकेत विचारलं तेव्हा व्याज कळलं. नऊ लाख ठेवले आणि सात टक्के धरले, तर वर्षाला त्रेसष्ट हजार. महिन्याला सव्वापाच हजार. त्यात खोलीचं भाडंही निघत नव्हतं. मुलगा तर अजून पहिलीत. हा हिशेब तिला मध्यस्थीच्या खोलीत कोणी मांडून दाखवला नव्हता. तो तिने स्वतः, हळूहळू, शेजारच्या मुलीच्या मोबाइलवर केला.

तिला संमती मागे घ्यायची होती. तिने मिळालेल्या तीन लाखांना हात लावला नव्हता. ते तसेच मुदतठेवीत होते. कोर्टात भरायची तिची तयारी होती. पलीकडच्या वकिलांनी तिची पुरसीस, म्हणजे कोर्टात दिलेलं लेखी निवेदन, पाहिली आणि भर कोर्टात ‘लोभ’ हा शब्द वापरला. मला अजूनही तो शब्द आठवला की संताप येतो.

पण थांबा. पलीकडची बाजूही सांगते, कारण ती खोटी नव्हती. त्या मुलाने ते तीन लाख पतसंस्थेतून काढले होते. हप्ता दरमहा पगारातून कापला जात होता. त्याच्या आईने दुसऱ्या लग्नाचं बोलणं सुरू केलं होतं. त्याने करारावर विसंबून सहा महिने काढले होते, आणि एका कागदाने त्याचं सगळं नियोजन कोलमडलं. त्याने काय चूक केली होती? त्या करारापुरती तरी, काही नाही.

अशा वेळी कोर्टाने काय करावं? तिला घटस्फोटाला ‘हो’ म्हणायला भाग पाडावं? की त्याला सांगावं, तुमचं नशीब?

या प्रश्नाला मला पटलेलं उत्तर दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने मे २०१८मध्ये दिलं. त्याआधी दिल्लीतच काही निकाल म्हणत होते की कोर्टापुढे हमी देऊन संमती मागे घेणं हा न्यायालयाचा अवमान आहे. काही म्हणत होते की नाही. पीठाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. घटस्फोटाची संमती मागे घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. हमी दिली म्हणून कोणालाही घटस्फोटाला भाग पाडता येणार नाही. मात्र कोर्टाला दिलेल्या हमीचा किंवा कोर्टाच्या हुकुमाचा हेतुपुरस्सर भंग केला, तर अवमानाची कारवाई होऊ शकते, आणि कराराचा लाभ घेऊन मागे फिरणाऱ्याला आधीच्या स्थितीत परत आणण्याचे आदेश कोर्ट देऊ शकतं. हा निकाल महाराष्ट्रातल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, हे वकील मंडळींना सांगायला नको. पण मी ज्या गाठीबद्दल सुरुवातीला बोलले, ती इथे बरोबर जागी सुटली आहे. संमती मोकळी. पैसे परत. मागे घेतलेली केस पूर्ववत.

सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्येही याच न्यायबुद्धीने एका प्रकरणाकडे पाहिलं होतं. तिथे पत्नीने तडजोडीनुसार संमतीचा घटस्फोट मिळवला आणि मग, जी फौजदारी तक्रार मागे घ्यायचं ठरलं होतं, ती चालूच ठेवली. न्यायालयाने ती तक्रार रद्द केली. लाभ घेतला, तर त्याच्या बदल्यात दिलेला शब्द पाळावा लागेल. घटस्फोट झाल्यावर हे म्हणणं योग्यच आहे. घटस्फोट होण्याआधी मात्र कोणाचीही बोटं धरून सही करवता येणार नाही.

‘करार म्हणजे करार’ असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे. मध्यस्थीच्या खोलीतली सही जर शेवटची धरली, तर फॅमिली कोर्टातल्या न्यायाधीशाने नेमकं काय करायचं उरतं? त्यांच्यासमोर दोघं उभे राहतात तेव्हा ते विचारतात, कोणी जबरदस्ती केली का? संमती जबरदस्तीने, फसवणुकीने किंवा गैरवाजवी दबावाने मिळवलेली नाही ना, हे पाहणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. ‘हो, पण तिने आधीच सही केली आहे’ हे जर त्याचं उत्तर असेल, तर तो प्रश्न विचारण्यात काय अर्थ? शिवाय मध्यस्थीत काय बोललं गेलं ते गोपनीय असतं. मध्यस्थाला साक्षीला बोलावता येत नाही. हे योग्यच आहे. नाही तर तिथे कोणी मन मोकळं करणार नाही. पण याचाच अर्थ असा की त्या खोलीत दबाव आला असेल, तर तो सांगायला नंतर कोणीच उरत नाही. मग त्या माणसाकडे एकच गोष्ट शिल्लक राहते. नकार. ती काढून घेऊ नका.

इथे २०१७चा एक निकाल आठवतो. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणात माफ करता येईल. त्या प्रकरणातलं जोडपं २००८पासून वेगळं राहत होतं, देण्याघेण्याचं ठरलं होतं, मुलांचं ठरलं होतं. त्यांना आणखी सहा महिने बसवून ठेवण्यात काही हशील नव्हतं. निकाल बरोबर आहे. पण अपवाद म्हणून आलेला हा रस्ता आता ‘लवकर उरकून टाका’ म्हणून वापरायची घाई होते, तेव्हा मला भीती वाटते. कराडच्या त्या मुलीचे सहा महिने माफ झाले असते, तर ती सव्वापाच हजारांवर कायमची बांधली गेली असती. माझं मत स्पष्ट आहे. दोघांची मिळकत उघड झालेली असेल, पैसे कोर्टात जमा असतील, स्त्रीधन पोहोचलेलं असेल, तरच मुदत माफ व्हावी.

मिळकतीचा उल्लेख आलाच आहे तर सांगते. नोव्हेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मिळकत आणि देणी यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं असा नियम घालून दिला. पगार, घर, ठेवी, कर्ज, महिन्याचा खर्च, सगळं. मध्यस्थीच्या टेबलावर मात्र हा कागद सहसा कोणी मागत नाही. आकडा बोलण्यातून ठरतो. ‘तुम्ही किती म्हणता?’ ‘पंधरा.’ ‘आम्ही पाच.’ मग नऊ. ही आयुष्याची पोटगी आहे की बैलबाजारातला सौदा?

आता वकील आणि मध्यस्थ मंडळींकडे माझं मागणं. करारात माघारीचं कलम घाला. आज बहुतेक करार असे लिहिले जातात की जणू कोणी मागे फिरणारच नाही. म्हणून कोणी फिरलं की कोर्टापुढे नुसता आक्रोश उरतो. साध्या मराठीत लिहा. कोणत्याही पक्षाने हुकूमनाम्यापूर्वी संमती मागे घेतल्यास मिळालेली रक्कम अमुक दिवसांत कोर्टात जमा करावी. त्या काळाची पोटगी त्यातून किती वळती करायची ते कोर्टाने ठरवावं. मागे घेतलेले अर्ज पुन्हा चालू करण्यास दुसऱ्या पक्षाची हरकत राहणार नाही. गुन्हा रद्द करण्याचा टप्पा शेवटी ठेवा, हुकूमनाम्यानंतर, कारण रद्द झालेला गुन्हा पुन्हा उभा करणं जवळजवळ अशक्य असतं. मोठी रक्कम थेट हातात देण्याऐवजी कोर्टाच्या नावे ठेवीत ठेवा. तिच्यावर व्याज मिळतं, आणि दोघांनाही झोप लागते.

स्त्रीधन मात्र या साखळीत अडकवू नका. लग्नाच्या वेळी याद्या होतात तेव्हा दागिना कोणाचा ते लिहिलेलं असतं. तो तिचाच आहे. सही कर, मग पाटल्या देतो, हा तिच्याच मालावर मागितलेला मोबदला आहे. ते पहिल्या दिवशी, बिनशर्त परत द्या. आणि मुलांच्या बाबतीतही तेच. मुलाची फी, त्याचा दवाखाना, वडिलांची भेट, यांचा घटस्फोट होण्या-न होण्याशी संबंध नाही. ती कलमं वेगळ्या कागदावर लिहा, आणि संमती मागे घेतली तरी चालू राहतील असं नमूद करा. आई-बाप एकमेकांचे हक्क सोडू शकतात. मुलाचे हक्क त्यांचे नाहीतच.

ज्या वकील बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्या तडजोडीचा मसुदा कधीच त्याच दिवशी सहीला घेत नसत. कागद पक्षकाराच्या हातात देत आणि म्हणत, घरी ने, आईला वाचून दाखव, उद्या ये. समोरचे वकील वैतागत, कोर्ट नाराज होई. पण बाईंच्या पक्षकारांनी संमती मागे घेतल्याची उदाहरणं मला आठवत नाहीत. प्रत्येक मध्यस्थी केंद्रात अंतिम मसुदा आणि सही यांच्यात किमान एक आठवडा असावा, मसुदा पक्षकाराला वाचता येईल अशा भाषेत असावा, एवढा नियम करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

एक दुखणं मात्र माझ्या कोणत्याही सूचनेने बरं होत नाही, ते सांगितलं पाहिजे. पैसे परत आले, केस पुन्हा सुरू झाली, पण ज्याला खरोखर मोकळं व्हायचं होतं त्याचं काय? अडतीस वर्षांची बाई, जिला पुन्हा संसार करायचा आहे, आणि नवरा केवळ आडमुठेपणाने दुसऱ्या तारखेला येत नाही. तिने आता छळाचा दावा लावायचा, पुरावा द्यायचा, अपिलं झेलायची. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की विवाह सावरण्यापलीकडे मोडला असेल तर कलम १४२खाली ते स्वतः तो संपवू शकतं, एका पक्षाचा विरोध असला तरी. पण हा अधिकार लातूरच्या किंवा रत्नागिरीच्या कोर्टाला नाही. दिल्लीला जाण्याची ऐपत ज्याची, त्याचाच तो उपाय. विवाह मोडीत निघाला हे घटस्फोटाचं कारण मानणारं विधेयक २०१३मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. त्यात पत्नीला आर्थिक हलाखीच्या कारणावर विरोध करण्याची सोय होती. ते पुन्हा आणलं पाहिजे, स्त्रियांच्या आणि मुलांच्या पोटापाण्याची तरतूद पक्की करून. ते आलं, तर मोकळं होऊ पाहणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या संमतीवर लटकून राहावं लागणार नाही. आणि मग संमती मागे घेणाऱ्यावर राग धरण्याचं कारणही उरणार नाही.

कराडच्या त्या प्रकरणाचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. तिने तीन लाख कोर्टात भरले. न्यायाधीशांनी दोघांना पुन्हा मध्यस्थीला पाठवलं, या वेळी पगाराच्या चिठ्ठ्या आणि पतसंस्थेच्या कर्जाचा कागद घेऊन. एकरकमी आकडा नऊवरून सातावर आला. मुलाच्या फीचा आणि दवाखान्याचा खर्च बाजूला काढून दरमहा वडिलांच्या खात्यातून थेट जाऊ लागला. तिने त्या मसुद्याची झेरॉक्स घरी नेली आणि आठ दिवसांनी येऊन सही केली. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, कोणी जबरदस्ती केली का? दोघांनी आपापलं उत्तर दिलं आणि हुकूमनामा झाला.

आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरात उद्या असा प्रसंग आला, समोरच्याने संमती मागे घेतली, तर फोन करून शिव्या देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहू नका; ते सगळं पुढच्या दाव्यात निशाणी म्हणून लागतं. वकिलांमार्फत दिलेल्या रकमेचा हिशेब कोर्टापुढे ठेवा, ती जमा करण्याची मागणी करा, आणि मध्यस्थीची आणखी एक बैठक मागा. आणि मुलाला भेटायचा ठरलेला रविवार असेल, तर त्याला वेळेवर तयार करून पाठवा.